आवाज गिळणारी नळी आणि आपला कायदा

श्रोतेहो, सायलेन्सर हा शब्द आपल्या गावात आला तो फटफटीबरोबर. अजूनही तो शब्द ऐकला की डोळ्यांपुढे मोटारसायकलची ती लांबलचक नळीच येते. पुण्यात तर त्या नळीवरून रोजचा वाद आहे. कोणी हौशी तरुण गाडीचा मूळचा सायलेन्सर काढून टाकतो, फटाक्यासारखा आवाज करणारा दुसरा बसवतो, आणि चौकातला पोलीस तो उतरवून घेतो. मोटारवाहनांचा नियम असा आहे, की गाडीला सायलेन्सर हवाच. पिस्तुलाची गोष्ट मात्र बरोबर उलटी. फटफटीला सायलेन्सर नसला तर दंड, आणि पिस्तुलाला असला तर तुरुंग! आज मी बोलणार आहे तो या दुसऱ्या सायलेन्सरबद्दल.

तुम्ही म्हणाल, आम्हां शेतकऱ्यांना आणि शाळामास्तरांना हे कशाला? ज्याच्या घरात साधी काठी आहे, त्याला पिस्तुलाची नळी काय करायची? पण मंडळी, हा प्रश्न मला अलीकडे तीन निरनिराळ्या माणसांनी विचारला. एक होते मुलीला नेमबाजी शिकवणारे वडील. दुसरा रानडुकरांनी बेजार झालेला शेतकरी. तिसरा भोसरीकडच्या एका कारखान्यात लेथवर काम करणारा तरुण. तिघेही सरळ माणसं. तिघांपैकी एकाच्याही मनात वाकडं नव्हतं. पण तिघांनाही वाटत होतं, की ही वस्तू म्हणजे चष्म्याच्या घरासारखी एक किरकोळ जोडवस्तू आहे. पिस्तुलाला परवाना लागतो हे ठीक, पण या नळीला कसला आलाय परवाना?

इथंच घोटाळा आहे. आपला शस्त्र कायदा १९५९ सालचा. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आला. त्याच्या दुसऱ्या कलमात बंदूक किंवा अग्निशस्त्र म्हणजे काय, याची व्याख्या दिली आहे. त्या व्याख्येत पिस्तूल आलं, रायफल आली, हातबॉम्ब आला; आणि त्याच ओळीत पुढं म्हटलं आहे, की अशा शस्त्राचा आवाज किंवा त्याच्या तोंडाची चमक कमी करण्यासाठी बनवलेली जोडवस्तू हीही अग्निशस्त्रच समजावी. नीट लक्ष द्या बरं का. ती नळी पिस्तुलावर बसवलेली असली पाहिजे असं कायदा म्हणत नाही. पिस्तूल घरात नसलं, नुसती नळी टेबलाच्या खणात पडलेली असली, तरी कायद्याच्या दृष्टीनं त्या खणात बंदूक आहे. तिच्यातून गोळी सुटत नाही, ती एकटी कुणाला मारू शकत नाही, हे सगळं खरं. पण व्याख्या ती व्याख्या.

बरं, ज्याच्याकडे पिस्तुलाचा रीतसर परवाना आहे, त्याला तरी ती ठेवता येते का? नाही. परवाना हा त्या एका शस्त्रापुरता असतो. त्यावर शस्त्राचा प्रकार, बोअर, क्रमांक सगळं लिहिलेलं असतं. १९६२ च्या शस्त्र नियमांत या आवाज कमी करणाऱ्या वस्तूंना निराळी ओळ दिली आणि ती घातली पहिल्या वर्गात, म्हणजे लष्करी काडतुसं झाडणाऱ्या हत्यारांच्या पंगतीला. सामान्य नागरिकाला मिळणाऱ्या पिस्तुलाचा वर्ग वेगळा. तेव्हा एकाच्या परवान्यावर दुसरं बाळगता येत नाही. साध्या माणसाला किंवा खेळाडूला आपल्याकडे ही वस्तू कायदेशीरपणे विकत घेण्याची व्यवहारातली वाट नाही, असंच समजून चालावं.

आता ही वस्तू करते तरी काय, ते थोडक्यात पाहू. शाळेत पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या गुरुजींना यात मुलांना सांगण्यासारखं बरंच आहे. काडतूस पेटलं की आतली दारू क्षणात वायू होते. तो वायू गोळीला पुढं ढकलतो आणि गोळीमागोमाग स्वतःही नळीच्या तोंडातून एकदम बाहेर पडतो. तो जो धाडकन बाहेर पडतो, त्याचाच मुख्य ‘बार’ आपल्याला ऐकू येतो. सोड्याच्या बाटलीची गोळी एकदम आत ढकलली तर फट्ट आवाज होतो आणि हळूहळू सोडली तर नुसतं सूं होतं, तेच इथंही. सायलेन्सर त्या वायूला पसरायला आणि थंड व्हायला जागा देतो, म्हणून तो हळू बाहेर पडतो. पण सिनेमात दाखवतात तसा आवाज नाहीसा होत नाही. हिंदी चित्रपटातला खलनायक ‘फुस्स’ करून माणूस पाडतो आणि शेजारच्या खोलीत कोणाला कळत नाही, ती सगळी ध्वनिमुद्रकाची करामत आहे.

आकडेच सांगतो. आपण समोरासमोर बोलतो तो आवाज साधारण ६० डेसिबल. लहान बोअरच्या पिस्तुलाचा बार कानाशी १५० डेसिबलच्या आसपास. सायलेन्सरनं त्यातले वीस ते तीस कमी होतात. म्हणजे उरले १२० ते १३०. रुग्णवाहिकेचा भोंगा कानाशी वाजावा इतके! शिवाय गोळीचा वेग आवाजाच्या वेगाहून, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४० मीटरहून जास्त असेल, तर ती हवेत स्वतःचा वेगळा कडाका काढते. चाबूक हवेत फिरवल्यावर टोकाला जो कडकडाट होतो, त्याच जातीचा. त्या आवाजावर नळीचा काही इलाज चालत नाही.

या नळीचा जनक अमेरिकेतला हायरम पर्सी मॅक्झिम. त्यानं १९०९ साली तिचं पेटंट घेतलं. त्याच्या वडिलांनी मॅक्झिम मशीनगन काढली होती. आयुष्यभर बंदुकांच्या शेजारी राहून वडिलांच्या कानांची पुरती वाट लागली होती, आणि मुलगा निघाला आवाज कमी करायला! गंमत म्हणजे मोटारीचा धूर आणि आवाज जिरवणारी नळी आणि ही नळी यांचं तत्त्व एकच. पण एकीला रस्त्यावर सक्ती झाली आणि दुसरीवर देशोदेशी बंधनं आली.

देशोदेशी म्हणताना एक सांगितलं पाहिजे, की सगळीकडे सारखा कायदा नाही. अमेरिकेत १९३४ साली कायदा झाला, आणि सायलेन्सर घेणाऱ्यावर दोनशे डॉलर कर बसला. त्या काळी दोनशे डॉलर म्हणजे सायलेन्सरच्या किमतीहून कितीतरी जास्त. २०२५ साली तिथं नवा कायदा होऊन १ जानेवारी २०२६ पासून हा कर शून्यावर आणला गेला. पण सरकारदरबारी नोंदणी, बोटांचे ठसे, फोटो हे सगळं कायमच आहे. न्यूझीलंडमध्ये तर शेतकरी तो सर्रास वापरतात; गुरांना आणि शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून तो वापरणं तिथं शिष्टाचारातच मोडतं. आपली पुष्कळ मुलं आज या देशांत नोकरीला आहेत. एखादा भाचा तिथल्या दुकानात मांडलेला सायलेन्सर पाहतो, फोनवर चित्र पाठवतो आणि म्हणतो, ‘मामा, इथं मिळतो, येताना आणू का?’ मामानं ताबडतोब नाही म्हणावं. शस्त्र परदेशातून आणायलाही दहाव्या कलमाप्रमाणं परवाना लागतो. विमानतळावर पेटी उघडली गेली, तर तिथलं बिल आणि तिथली पावती इथं कामाला येत नाही. टपालानं मागवलेल्या पुडक्याचंही तेच. अलीकडे परदेशी दुकानदार ‘बंदूक साफ करायचं साहित्य’ अशा नावाखाली अशाच नळ्या विकतात. नाव बदललं म्हणून वस्तू बदलत नाही, आणि कस्टमचे अधिकारी काही नाव वाचून गप्प बसत नाहीत.

आता त्या तिघांकडे वळू.

मुलीच्या वडिलांचं म्हणणं साधं होतं. मुलगी बालेवाडीच्या मैदानावर सराव करते. पिस्तूल पॉइंट टू टू बोअरचं, ज्याला रिमफायर म्हणतात ते. म्हणजे काडतुसाला पेटवणारा मसाला बुडाच्या मध्यभागी न ठेवता कडेच्या किनारीत भरलेला असतो. या काडतुसाचा धक्का कमी, किंमत कमी, म्हणून जगभर नेमबाजीचं शिक्षण त्यावर होतं. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवलं ते याच जातीच्या काडतुसावर. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, एका शिक्षकाचा मुलगा, रेल्वेत तिकीट तपासनीस, बालेवाडीला घाम गाळून २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक घेऊन आला, तेही याच बोअरच्या रायफलवर. तेव्हा पोरीचं वेड काही वाईट नाही. वडिलांना काळजी होती ती तिच्या कानांची.

ही काळजी मात्र अगदी योग्य. १४० डेसिबलच्या वरचा बार एकदाच कानावर आदळला, तरी कानाच्या आतल्या नाजूक पेशींना इजा होऊ शकते, आणि त्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. पण त्यावरचा उपाय पिस्तुलावर नाही, तो कानावर आहे. कानात घालायचे बोळे आणि त्यावरून हेडफोनसारखी दिसणारी टोपणं, दोन्ही एकदम. चांगली टोपणं एकटीच वीस-पंचवीस डेसिबल कमी करतात. म्हणजे सायलेन्सरइतकंच काम. त्यांना ना परवाना, ना पोलीस. मैदानावर शेजारच्या खेळाडूचा बारही त्यांनी अडतो, जे स्वतःच्या पिस्तुलावरच्या नळीनं कधीच होणार नाही. शिवाय पिस्तुलाच्या स्पर्धेत नळीच्या तोंडाशी धक्का जिरवणारी साधनं चालत नाहीत. सायलेन्सर लावून सराव करणारी मुलगी स्पर्धेत वेगळ्याच वजनाचं आणि वेगळ्याच तोलाचं पिस्तूल हातात घेईल. मग सरावाचा उपयोग काय?

पालकांनी दुसरं एक ध्यानात ठेवावं. एकवीस वर्षांखालच्या व्यक्तीला स्वतःच्या नावावर शस्त्र घेता येत नाही. लहान मुलांना नेमबाजी शिकता येते, पण ती मान्यताप्राप्त क्लबमध्ये, नियमांत सांगितलेल्या वयानंतर, आणि प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली. त्यामुळं पोराला खेळ शिकवायचा तर आधी पिस्तूल विकत घ्यायची घाई नको. पहिली वर्षं हवेच्या पिस्तुलावर जावीत. जत्रेत फुगे फोडायच्या बंदुका असतात त्याच कुळातलं, पण नेमकं चालणारं हे हत्यार. ज्या हवेच्या बंदुकीचा बोअर पॉइंट एकशेसत्त्याहत्तर, म्हणजे साडेचार मिलिमीटरपर्यंत आणि जोर वीस ज्यूलपर्यंत, तिला परवाना लागत नाही. मात्र तिच्यावरही आवाज कमी करणारी नळी चढवू नये. कायद्याच्या व्याख्येत केवळ दारूनं उडणारी शस्त्रं नाहीत, दुसऱ्या शक्तीनं उडणारीही आहेत. हवेची बंदूक सवलतीत बसते म्हणून तिच्यावरची नळीही बसते, असं गृहीत धरण्यात शहाणपण नाही.

शेतकऱ्याचं दुखणं वेगळं आणि जास्त खोल आहे. रात्री रानडुकरं भुईमुगात शिरतात, एका रात्रीत वाफे उकरून जातात. ठासणीच्या बंदुकीचा एक बार काढला की कळप पळतो आणि तासाभरानं परत येतो. म्हणून याला वाटलं, आवाजच झाला नाही तर एकामागून एक टिपता येतील. श्रोतेहो, हा विचार दोन ठिकाणी चुकतो. एक तर पीकरक्षणाच्या परवान्याची बंदूक ही ठासणीची किंवा गुळगुळीत नळीची असते, आणि बार हाच तिचा अर्धा उपयोग. दुसरं असं, की रानडुक्कर झालं तरी ते वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं. वन खात्याची रीतसर परवानगी असल्याखेरीज त्याला मारता येत नाही. परवानगी हाती असलेल्याला आवाज लपवायचं कारण नाही, आणि आवाज लपवणाऱ्याकडे परवानगी आहे यावर वनरक्षक काय म्हणून विश्वास ठेवील? माझ्या मते कायद्यानं ही नळी इतक्या कडकपणे बांधून ठेवली, त्याचं मर्मही इथंच आहे. रानात बार झाला की चार माणसांना कळतं. ते कळणं हीच जंगलाची आणि गावाची राखण आहे.

पीकरक्षणाच्या परवान्याबद्दल मात्र शेतकऱ्यांनी उगाच भीड धरू नये. ज्याला खरोखर पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक हवी, त्याला परवाना द्यावा असंच तेराव्या कलमाचं सांगणं आहे. ठासणीच्या बंदुकीनं भागत नसेल, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूकही देता येते. आणि चौदाव्या कलमात एक फार मोलाची गोष्ट आहे: अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. इंग्रजांनी १८७८ साली शस्त्रांचा कायदा केला, तेव्हा गोऱ्यांना सूट आणि आपल्याला बंदी असा पंक्तिप्रपंच होता. आज एकरभर जिरायत असलेला आणि बंगलेवाला, दोघंही एकाच अर्जावर उभे आहेत. नाकारलं तर कारण लेखी मागता येतं आणि वर अपील करता येतं. कारण न सांगण्याची मुभा अधिकाऱ्याला फक्त सार्वजनिक हिताच्या सबबीवर आहे.

अर्ज कोठे करायचा? पुणे शहरात पोलीस आयुक्त, पिंपरी-चिंचवडला २०१८ पासून तिथले पोलीस आयुक्त, आणि बाकीच्या जिल्ह्यात जिल्हाधिकारी. अर्जावर जवळच्या पोलीस ठाण्याचा अहवाल मागवला जातो. ओळखपत्र, राहण्याचा पुरावा, डॉक्टरचा दाखला, शस्त्र हाताळण्याच्या शिक्षणाचा दाखला, आणि घरात ते कुलपात कसं ठेवणार याची माहिती द्यावी लागते. वेळ लागतो. धीर धरावा, पण मध्यस्थ धरू नये. २०१९ च्या दुरुस्तीनं परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं झाली, आणि एका माणसाला जास्तीत जास्त तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात. त्याच दुरुस्तीनं लग्नावरातीतल्या हौसेच्या गोळीबारालाही शिक्षा लावली: दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. नवरदेवाच्या मामांनी हे विशेष ऐकावं.

आता तिसरा, तो लेथवरचा मुलगा. खरं सांगायचं तर हे सगळं भाषण मी त्याच्यासाठी तयार केलं. भोसरी, चाकण, हडपसर या भागांत छोटे छोटे वर्कशॉप आहेत. आयटीआय करून आलेली गावाकडची मुलं तिथं काम करतात. हात चांगला असतो. नकाशा दिला की हव्या त्या मापाचा तुकडा काढून देतात. या मुलाकडे एक गिऱ्हाईक आलं. अल्युमिनियमची नळी, आत काही चकत्या, एका टोकाला बारीक आटे. ‘गाडीचा भाग आहे,’ म्हणाला. पैसे दुप्पट. मुलाला संशय आला, कारण कुठल्याच गाडीला तसले आटे त्यानं कधी पाडले नव्हते. त्यानं काम घेतलं नाही आणि नंतर मला विचारलं, की घेतलं असतं तर काय झालं असतं?

उत्तर ऐका. परवान्याशिवाय नुसतं जवळ ठेवलं, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी दोन वर्षं, जास्तीत जास्त पाच वर्षं कैद आणि दंड. पण बनवणं, विकणं, दुरुस्त करणं हा पाचव्या कलमाचा भंग. त्याला कमीत कमी सात वर्षं, आणि वर जन्मठेपेपर्यंत. म्हणजे वापरणाऱ्यापेक्षा बनवणाऱ्याची शिक्षा मोठी. मजुरी दोन-चार हजारांची आणि घरी म्हाताऱ्या आईबापांनी सात वर्षं वाट पाहायची! ‘मला काय माहीत, मी नुसता टर्नर,’ हे म्हणणं कोर्टात सिद्ध करायला वकील लागतो, जामीन लागतो, वर्षं लागतात. आयटीआयमध्ये शिकवणाऱ्या शिक्षकांना माझी हात जोडून विनंती आहे, की माप घ्यायला शिकवता तसं हेही एक तास काढून शिकवा. गिऱ्हाईक कामाचं नाव सांगायला कां-कूं करत असेल, बिल नको म्हणत असेल, नकाशाचा कागद परत मागत असेल, तर ते काम हातात घ्यायचं नाही, आणि मालकानं रेटलं तरी घ्यायचं नाही. पोलिसांना कळवलं तर उत्तमच.

जाता जाता वारसाबद्दल दोन शब्द, कारण गावोगाव हा प्रश्न आहे. आजोबांच्या नावावर बंदूक होती, आजोबा गेले, बंदूक माळ्यावर तशीच राहिली. परवानेदार वारला की परवाना त्याच्याबरोबर संपतो. ती बंदूक, आणि तिच्यासोबत पेटीत जुनं काही सापडलं असेल तेही, विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावं, असं एकविसावं कलम सांगतं. वारसाला हवी असेल तर तो आपल्या नावानं परवान्याचा अर्ज करू शकतो. परवाना मिळाला की बंदूक परत मिळते. सायलेन्सरसारखी वस्तू मात्र परत मिळण्याची आशा धरू नये, ती देऊन मोकळं व्हावं. जमा करताना शस्त्राचा क्रमांक, तारीख आणि शिक्का असलेली पावती घ्यावी आणि ती सातबाराच्या उताऱ्याबरोबर एकाच पिशवीत जपून ठेवावी.